३५४ किलोचा पंप अंतराळस्थानकावर कसा पोचवायचा?

अंतराळस्थानकावरचा एखादा मोठा भाग बंद पडल्याची बातमी आली की चर्चा लगेच रॉकेटवर जाते. किती वजन उचलेल, कधी उडेल, खर्च किती? हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच, पण नियोजन तिथून सुरू केलं की गाडी हमखास अडते. आजवरचा अनुभव पाहिला तर मोठे भाग अडकले ते दाराच्या मापावर, एखाद्या बोल्टवर किंवा नळीच्या जोडावर. म्हणून हा लेख उलट्या दिशेने लिहिला आहे. शेवटचा बोल्ट कोण आणि कोणत्या हत्याराने आवळणार, इथून सुरुवात करायची आणि मागे मागे येत प्रक्षेपणतळ गाठायचा. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना, आणि अवकाशमोहिमांच्या बातम्या वाचताना त्यामागचं काम समजून घ्यावंसं वाटणाऱ्या कुणालाही, हा क्रम उपयोगी पडेल.

उदाहरणासाठी एक भाग डोळ्यांसमोर ठेवू: आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाचा अमोनिया पंप. स्थानकातली यंत्रं आणि माणसं यांची उष्णता आतल्या पाण्याच्या नळ्या गोळा करतात. पुढे ती बाहेरच्या अमोनियाला दिली जाते आणि मोठ्या रेडिएटरमधून अवकाशात सोडली जाते. बाहेर पाणी चालत नाही, कारण ते गोठेल. अमोनिया उणे ७७ अंशांपर्यंत द्रवच राहतो. तो विषारी असल्यामुळे ही सगळी यंत्रणा स्थानकाच्या बाहेर, सांगाड्यावर बसवलेली आहे. अमोनियाची चक्रं दोन आणि प्रत्येकाला एक पंप. पंपाचं वजन पृथ्वीवर सुमारे ३५४ किलो, लांबी जवळपास १.७ मीटर, रुंदी १.२ मीटर. ३१ जुलै २०१० रोजी यातला एक पंप बंद पडला आणि स्थानकाची निम्मी थंडावा यंत्रणा गेली. अनेक उपकरणं बंद करावी लागली आणि काहींचा दुसरा आधारच नाहीसा झाला.

पायरी पहिली: भागाची जागा आत की बाहेर, ते ठरवा

पुढचे सगळे निर्णय याच उत्तरावर उभे राहतात.

भाग आत बसणारा असेल तर तो दारातून जायला हवा, आणि दारं दोन प्रकारची आहेत. पहिला प्रकार चौकोनी आणि मोठा, सुमारे १२७ सेंटिमीटरचा. यात मालवाहू यान जवळ येऊन थांबतं, स्थानकाचा यांत्रिक हात त्याला पकडतो आणि दाराशी नेऊन जोडतो. दुसऱ्या प्रकारात यान स्वतःच येऊन जोडलं जातं, आणि तिथली वाट जेमतेम ८० सेंटिमीटर व्यासाची असते. सोयूझ आणि प्रोग्रेस या रशियन यानांची वाट एवढीच. स्पेसएक्स या अमेरिकी कंपनीच्या पहिल्या पिढीच्या ड्रॅगन यानाला मोठं दार होतं; २०२० च्या अखेरीपासून वापरात आलेलं मालवाहू ड्रॅगन मात्र स्वतः येऊन लहान वाटेला जोडलं जातं. म्हणजे रॉकेट तेच राहिलं, उचलण्याची ताकद तीच राहिली आणि दार अरुंद झालं. स्थानकातली उपकरणं ज्या कपाटवजा चौकटींत बसवतात, त्या साधारण दोन मीटर उंच आणि एक मीटरहून थोड्या रुंद असतात. लहान वाटेतून त्या जातच नाहीत. जुन्या वाड्यात लोखंडी कपाट न्यायचं तर आधी जिना आणि चौकट मापावी लागते, टेम्पो नंतर ठरतो. इथेही तसंच.

भारतीय अंतरिक्ष स्थानक २०३५ पर्यंत उभारण्याचं उद्दिष्ट आहे, आणि १६ जानेवारी २०२५ रोजी स्पेडेक्स मोहिमेत इस्रोने दोन उपग्रह कक्षेत एकमेकांना जोडूनही दाखवले. माझ्या मते स्थानकाच्या आराखड्यातला सर्वांत दूरगामी आकडा दाराच्या मापाचाच असेल. एकदा धातूत उतरलेलं दार पुढची कित्येक वर्षं बदलता येत नाही.

आपला पंप बाहेरचा. त्यामुळे दाराचा प्रश्न सुटला, पण त्याच्या जागी दुसरे चार उभे राहिले.

पायरी दुसरी: शेवटच्या बोल्टपासून आराखडा करा

बाहेरचा भाग बसवणारा माणूस फुगलेल्या जाड हातमोज्यांत असतो. मूठ मिटायलाही जोर लागतो आणि काम सहा-सात तास चालतं. म्हणून स्थानकावरच्या बहुतेक बदलायच्या भागांना एकाच मापाचे षटकोनी बोल्ट दिलेले आहेत, म्हणजे पिस्तुलासारख्या मुठीचा बॅटरीवरचा एकच पाना बहुतेक सगळीकडे चालतो. बोल्ट शक्य तितके कमी ठेवायचे. ते भागालाच अडकलेले असावेत, सुटून तरंगत जाता कामा नयेत. भाग जागेवर सरकताना आपोआप नेमका बसावा यासाठी मार्गदर्शक खाचा हव्यात. आणि यांत्रिक हाताला पकडता येईल असा खुंटा हवाच.

एवढी काळजी घेऊनही बोल्ट काय करू शकतो, ते सुनीता विल्यम्स आणि अकी होशिदे यांनी अनुभवलं. सौरपंखांची वीज पुढे वाटणारी सुमारे १०० किलोची एक पेटी ३० ऑगस्ट २०१२ रोजी बदलायची होती. जुनी पेटी काढताना बोल्ट जड गेले आणि नवीचा एक बोल्ट बसेना. आठ तासांहून जास्त वेळ बाहेर काढूनही पेटी शेवटी पट्ट्याने बांधून ठेवून परत यावं लागलं. बोल्टच्या छिद्रात धातूचा कीस अडकला होता. पुढच्या काही दिवसांत जमिनीवरच्या आणि स्थानकावरच्या लोकांनी मिळून तारेचा ब्रश तयार केला आणि एक दात घासायचा ब्रशही हत्यार म्हणून सज्ज केला. ५ सप्टेंबरला त्यांनी छिद्रं साफ केली, वंगण लावलं आणि बोल्ट बसवला.

यातून घ्यायचं ते असं: भागाबरोबर त्याच्या जागेची साफसफाई करायची साधनं, वंगण आणि बोल्ट अडला तर काय करायचं याची लिखित पद्धत हेही ‘सामान’च आहे. ते यादीत नसेल तर यादी अपुरी आहे.

पंपाच्या बाबतीत बोल्टपेक्षा नळ्यांचे जोड जास्त त्रास देतात. आत दाबाखालचा अमोनिया असतो, त्यामुळे जोडाची कळ फिरवायला प्रचंड जोर लागतो. ७ ऑगस्ट २०१० रोजी डग व्हीलॉक आणि ट्रेसी कॉल्डवेल डायसन जुना पंप काढायला गेले, तेव्हा चार नळ्यांपैकी शेवटची सुटेना आणि तिथून अमोनियाचे कण हिमासारखे बाहेर येऊ लागले. पुढच्या फेरीआधी त्या चक्रातला दाब कमी केला आणि मग जोड सुटला. ११ ऑगस्टला जुना पंप निघाला, १६ ऑगस्टला नवा बसला. तिन्ही फेऱ्या मिळून जवळपास २३ तास झाले. डिसेंबर २०१३ मध्ये त्याच चक्राच्या पंपाची झडप बिघडली, तेव्हा काम हातात घेण्याआधीच दाब उतरवलेला होता. रिक मास्ट्राचियो आणि माइक हॉपकिन्स यांनी २१ आणि २४ डिसेंबर अशा दोनच फेऱ्यांत पंप बदलला. तिसरीची तयारी होती, ती लागली नाही. पहिल्या वेळच्या नोंदी नीट ठेवल्या म्हणून दुसऱ्या वेळी एक अख्खी फेरी वाचली.

पायरी तिसरी: बैठक आणि ऊब यांची सोय करा

मोठा भाग यानात नुसता ठेवता येत नाही. उड्डाणाच्या आठ-नऊ मिनिटांतली थरथर आणि ताण सोसण्यासाठी तो घट्ट आवळलेला हवा, आणि वर पोचल्यावर तोच भाग यांत्रिक हाताला सहज सोडवता यायला हवा. या दोन परस्परविरोधी गरजांसाठी एक मधली बैठक वापरतात. तिचा अर्धा भाग सामानाखाली असतो, अर्धा यानाच्या फळीवर. स्थानकाच्या बाहेरच्या साठवणफळ्यांवरही हाच जोड असतो, त्यामुळे सामान आपल्या बैठकीसकट एका फळीवरून दुसरीवर जातं. भागाची रचना सुरू असतानाच या बैठकीचं माप हातात हवं.

ऊब हा मुद्दा नवख्यांच्या ध्यानात येत नाही. स्थानकाभोवती दर ९० मिनिटांत एक दिवस आणि एक रात्र होते. उन्हातला पृष्ठभाग १२० अंशांपर्यंत तापतो, सावलीतला उणे १५० अंशांच्या खाली जातो. भागातल्या हीटरला वीज मिळत असेल तोवर ठीक. पण यानातून सुटल्यापासून फळीवर जोडला जाईपर्यंत ती वीज नसते. त्या अवधीचं घड्याळ आधीच मांडावं लागतं: हा भाग विजेशिवाय किती तास तग धरेल, आणि यांत्रिक हाताचा प्रवास त्यात बसतो का? बसत नसेल तर वाटेत वीज देणारा मुक्काम ठेवा किंवा भागावर जास्तीचं आवरण चढवा. हा हिशेब चुकला, तर वाटेत कुठेही धक्का न लागलेला भागही बसवेपर्यंत निकामी झालेला असतो.

पायरी चौथी: आता यान निवडा

इथे यादी लहान आहे. अमेरिकेचं सायग्नस आणि रशियाचं प्रोग्रेस ही मालवाहू यानं बाहेर बसवायचं मोठं सामान उघड्यावर वाहून नेत नाहीत. त्यांचं सामान आतल्या, हवा भरलेल्या भागातून जातं. उघड्यावरच्या मोठ्या भागांसाठी २०११ पर्यंत अमेरिकेच्या स्पेस शटल यानांचा प्रशस्त सामानकक्ष होता. त्यानंतर जपानचं कोउनोतोरी यान होतं. २००९ ते २०२० या काळात त्याची नऊ उड्डाणं झाली, आणि त्याच्या कुशीतून सरकवून बाहेर काढता येणारी फळी माझ्या मते या कामासाठी बनलेल्या सर्वांत सुबक सोयींपैकी एक होती. अलीकडे त्याच्या जागी एचटीव्ही-एक्स हे नवं यान आलं आहे. ड्रॅगनच्या मागे पोकळ नळकांड्यासारखा सुमारे ३७ घनमीटरचा उघडा डबा असतो. त्यातूनही मोठे भाग जातात.

यान निवडताना वजनापाठोपाठ विचारायचा प्रश्न हा: हे यान गेलं नाही तर दुसरं कोणतं? जून २००२ मध्ये स्थानकाचा तोल सांभाळणाऱ्या चार मोठ्या जायरोंपैकी एक बंद पडला. बदली जायरो न्यायला शटलच लागत होतं. फेब्रुवारी २००३ मध्ये कोलंबिया यानाचा अपघात झाला, सात अंतराळवीर गेले आणि शटलची उड्डाणं थांबली. जायरो बदलला गेला तो ऑगस्ट २००५ मध्ये. मधली तीन वर्षं स्थानक उरलेल्या जायरोंवर चाललं, आणि त्यातल्या एकाच्याही वीजपुरवठ्यात मध्येच बिघाड झाला. एकाच वाहनात मावेल असा भाग बनवण्याची किंमत ही अशी असते.

दुसरी बाजू नुकसानीची. २८ जून २०१५ रोजी ड्रॅगनला घेऊन निघालेलं फाल्कन ९ रॉकेट उड्डाणानंतर अडीच मिनिटांच्या आतच फुटलं. मागच्या डब्यात जवळपास अर्ध्या टनाचं जोडणीचं कडं होतं. पुढे माणसं घेऊन येणारी यानं ज्याला जोडायची, ते. सुदैवाने कडी दोन बनवलेली होती. दुसरं जुलै २०१६ मध्ये गेलं आणि ऑगस्टमध्ये बसलं. गमावलेल्याच्या जागी तिसरं तयार करून ऑगस्ट २०१९ मध्ये बसवण्यात आलं. दुर्मीळ भागाची जोडी एकाच उड्डाणात कधीही ठेवू नका, आणि उरलेल्या सुट्या तुकड्यांतून आणखी एक उभा करता येईल इतपत साहित्य जमिनीवर राखा.

पायरी पाचवी: स्थानकाशी भेट

ही पायरी पाहायला सर्वांत थरारक, पण सामान पाठवणाऱ्याच्या हातात इथे फारसं नसतं. स्थानकाभोवती २०० मीटर त्रिज्येचा एक गोल आखलेला असतो. परवानगी मिळाल्याशिवाय त्यात शिरता येत नाही, आणि टप्प्याटप्प्यावर थांबून तपासणी होते. तुम्ही दोनच गोष्टी पाहा. सामानामुळे यानाचा गुरुत्वमध्य ठरलेल्या मर्यादेत राहिला आहे ना, आणि जोडणी एक-दोन दिवस लांबली तरी भागाला यानातून वीज मिळत राहील ना.

पायरी सहावी: हातातून हातात

स्थानकाचा मोठा यांत्रिक हात, कॅनडार्म२, १७.६ मीटर लांब आहे. त्याच्या टोकाला डेक्स्टर नावाचा दोन हातांचा यंत्रमानव बसतो, तो बारीक कामं करतो. फेब्रुवारी २०११ मध्ये कोउनोतोरीच्या दुसऱ्या यानातून आलेले दोन भाग डेक्स्टरने उतरवून घेतले. जमिनीवरून चालवलेलं ते काम होतं आणि अंतराळवीर त्या वेळी झोपेत होते. माझा आग्रह असा की जे काम यंत्राकडून होऊ शकतं, ते माणसाच्या वाट्याला ठेवू नये. अंतराळवीराचा बाहेरचा प्रत्येक तास अतिशय जोखमीचा आणि मोलाचा असतो.

तरी कधी माणूसच लागतो. तेव्हा एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. वर ३५४ किलोचं वजन जाणवत नाही, पण जडत्व तेवढंच राहतं. एकदा सरकू लागलेला पंप थांबवायला तितकाच जोर लागतो, आणि मध्ये माणूस सापडला तर तो चिरडला जाऊ शकतो. २०१० मध्ये व्हीलॉक यांत्रिक हाताच्या टोकावर पाय रोवून पंप धरून उभे होते आणि तो हात आतून शॅनन वॉकर चालवत होत्या. अशा वेळी वेग अगदी कमी ठेवतात, आणि कुणी थांबा म्हणालं तर हात किती अंतरात थांबेल हे आधीच मोजलेलं असतं. याचा सराव ह्यूस्टनजवळच्या १२ मीटर खोल तलावात, खऱ्या मापाच्या नकलांवर होतो. नवा भाग बनवत असाल तर त्याची पाण्यात चालणारी नक्कल भागाआधी तयार करा. कोपर कुठे अडतं, दिवा कुठे पोचत नाही, हे कागदावर दिसत नाही.

पायरी सातवी: बिघाडाच्या आधीच पोचवा

क्रमाने ही पायरी पहिली यायला हवी होती, पण वरच्या सगळ्या अडचणी वाचल्यानंतरच तिचं महत्त्व पटतं. मोठा भाग बिघडल्यानंतर पाठवायचा नसतो. तो आधीच वर असावा लागतो.

२०१० साली जो पंप बसवला, तो स्थानकावर जुलै २००६ पासून होता. डिस्कव्हरी या शटलमधून तो आला आणि पिअर्स सेलर्स व माइक फॉसम यांनी तो बाहेरच्या साठवणफळीवर ठेवला. चार वर्षं तो तिथेच ऊनसावली सोसत राहिला. असा सुटा पंप आधीच वर नसता तर निम्म्याच थंडाव्यावर चाललेलं स्थानक पुढच्या शटलची वाट बघत बसलं असतं.

शटल निवृत्त होणार हे ठरल्यावर शेवटच्या उड्डाणांची आखणी याच विचाराने झाली. नोव्हेंबर २००९ मध्ये अटलांटिस यानाने दोन मोठ्या फळ्यांवर मिळून सुमारे १२ टन सामान नेलं. त्यात दोन जायरो, दोन नायट्रोजन टाक्या, पंप, अमोनियाची टाकी, ऑक्सिजनची उच्चदाब टाकी आणि यांत्रिक हाताचा पंजा होता. निवडीची कसोटी साधी होती: जे नंतरच्या यानांतून नेता येणार नाही किंवा नेणं फार अवघड जाईल, ते आत्ता न्या. तुमची यादी करतानाही प्रत्येक भागापुढे तीन रकाने ठेवा. हा बिघडला तर स्थानक किती दिवस तग धरेल, हा न्यायला आज किती प्रकारची वाहनं आहेत, आणि पाच वर्षांनी किती असतील. तिसरा आकडा शून्य असेल तर भाग आजच पाठवा.

पायरी आठवी: जुन्या भागाचं काय करायचं?

फळीवरची जागा मोजकी असते, त्यामुळे नवा भाग येण्याआधी जुन्याचा पत्ता ठरलेला हवा. २०१० चा बिघडलेला पंप जुलै २०११ मध्ये शटलच्या शेवटच्या उड्डाणातून पृथ्वीवर परत आला. तो अटलांटिसच्या पोटात बसवायला रॉन गॅरन यांच्याबरोबर माइक फॉसमच बाहेर गेले होते, ज्यांनी पाच वर्षांपूर्वी त्याच्या जागी बसलेला बदली पंप वर पोचवला होता. बिघाडाचं कारण शोधायचं तर भाग हातात लागतो, म्हणून तो परत आणणं फार मोलाचं होतं. शटलनंतर एवढा मोठा, उघड्यावरचा भाग सुखरूप खाली आणणारं वाहन राहिलेलं नाही. ड्रॅगनचा मागचा डबा परतीच्या वाटेवर टाकून दिला जातो. म्हणून दाब, तापमान, वीज आणि कंपनं यांचे पुरेसे संवेदक भागातच बसवा, कारण त्याचं शवविच्छेदन आता दुरूनच करावं लागणार आहे.

विल्हेवाटीचं गणित चुकलं तर काय होतं, हे बॅटऱ्यांनी दाखवलं. जुन्या ४८ निकेल-हायड्रोजन बॅटऱ्यांच्या जागी २४ लिथियम-आयन बॅटऱ्या बसवायच्या होत्या. त्या कोउनोतोरीच्या चार यानांतून गेल्या. जुन्या बॅटऱ्या त्याच फळ्यांवर चढवून यानाबरोबर वातावरणात जाळायच्या, असा बेत होता. ऑक्टोबर २०१८ मध्ये सोयूझचं एक उड्डाण फसलं, माणसं वेळेवर पोचली नाहीत आणि बॅटऱ्या बदलायचं वेळापत्रक कोलमडलं. त्या खेपेचं यान फळी न घेताच निघून गेलं. तेव्हापासून प्रत्येक यान मागच्याची फळी नेत राहिलं आणि शेवटची फळी न्यायला यानच उरलं नाही. अखेर ११ मार्च २०२१ रोजी जवळपास २.६ टनांची ती फळी यांत्रिक हाताने अवकाशात सोडून दिली गेली. तीन वर्षं फिरून ८ मार्च २०२४ रोजी ती वातावरणात शिरली. सगळी जळून जाईल अशी अपेक्षा होती, पण सुमारे ७०० ग्रॅमचा एक धातूचा तुकडा फ्लोरिडातल्या नेपल्स शहरात एका घराचं छप्पर फोडून आत पडला. कुणाला इजा झाली नाही.

मला सगळ्यात आवडलेली तोड जुना भाग काढायचाच नाही, ही आहे. स्थानकाचे सौरपंख जुने झाले तेव्हा नवे पंख गुंडाळीच्या रूपात ड्रॅगनच्या डब्यातून जून २०२१ मध्ये पोचले. शेन किंब्रो आणि टोमा पेस्के यांनी ते जुन्या पंखांच्या पुढ्यातच बसवले. उलगडल्यावर प्रत्येक पंख सुमारे १९ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद होतो. जुना पंख मागे तसाच राहतो, सावलीत न आलेल्या भागातून वीज देत राहतो, आणि त्याला फिरवणारा सांधा नव्यालाही सूर्याकडे वळवतो. नव्या भागाचा आराखडा मांडताना आधी हीच शक्यता तपासा. ती नसेल तर जुन्या भागाचं वजन, त्याची तात्पुरती फळी, त्याला नेणारं यान आणि ते यान चुकलं तर दुसरं कोणतं, या चार गोष्टी नव्या भागाच्या पहिल्याच कागदावर लिहा.